गालावरचा काटा

माझ्या सासूबाई चौतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात बसून लोकांचं रक्त बघत होत्या. लोकांना वाटतं, रक्त मशीन तपासतं. मशीन आकडे काढतं हे खरं, पण आकडा विचित्र आला की काचपट्टीवर थेंब पसरून, त्याला रंग देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली कुणालातरी एकेक पेशी डोळ्यांनी बघावी लागते. ते कुणीतरी म्हणजे आमच्या आई. शंभर पेशी मोजायच्या आणि त्यात कुठल्या जातीच्या किती, ते लिहायचं. एखादी पेशी नीट ओळखू आली नाही तर त्या "पुन्हा बघू" म्हणायच्या आणि नवी काचपट्टी घ्यायच्या. त्यावरून इस्पितळात त्यांचं नाव पडलं होतं पुन्हाबाई. नवे डॉक्टर आधी त्यांच्यावर वैतागायचे, आणि दोन-तीन वर्षांनी स्वतःच्या आईचं रक्त घेऊन गुपचूप त्यांच्याकडेच यायचे.

निवृत्त होताना सहकाऱ्यांनी विचारलं, काय भेट देऊ? यांनी अडगळीच्या खोलीतला एका डोळ्याचा जुना सूक्ष्मदर्शक मागितला. तो घरी आला आणि आरशासमोरच्या टेबलावर टॉवेल पांघरून बसला. सासरे जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. घरात आम्ही तिघं, त्यातले दोघं दिवसभर ऑफिसात. पहिले सहा महिने आईंनी जे सापडेल ते बघितलं. साखर, मीठ, पंख्यावरची धूळ. एकदा माझ्या नवऱ्याच्या डोक्यातला कोंडा बघून त्यांनी त्यावर जे मत दिलं, त्यानंतर तो दोन दिवस त्यांच्याशी तुटक बोलत होता. मग बघण्यासारखं काही उरलं नाही आणि त्या गप्प गप्प राहायला लागल्या.

आमच्या इमारतीच्या खाली शोभेचे मासे आणि काचेच्या टाक्या विकणारं दुकान आहे. मालकांना सगळे टाकीवाले म्हणतात. त्यांच्याकडून मी पाण्यातल्या एका वनस्पतीची जुडी आणून स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या बरणीत सोडली होती. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले, तर आई खिडकीशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या.

"अगं, यात कुणीतरी राहतंय," त्या म्हणाल्या.

पानांवर नखाएवढी, जवळजवळ आरपार दिसणारी एक कोळंबी चालत होती. पुढच्या बारीक हातांनी ती पान खरवडायची आणि हात तोंडाला न्यायची, इतक्या भराभर, की टायपिस्ट बाई आठवावी. वनस्पतीबरोबर बिनबोलावता आलेली पाहुणी. आई तिला घेऊन खाली गेल्या आणि टाकीवाल्यांना विचारलं, ही कोण? ते म्हणाले, साधी कोळंबी आहे, राहिली तर राहू दे.

"साधी म्हणजे कुठली?" आईंनी विचारलं. साधी म्हणजे साधी, ते म्हणाले. आई वर आल्या त्या चिडूनच. चौतीस वर्षांत कुठल्याही रिपोर्टात त्यांनी 'साधी पेशी' असं लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मला कामाला लावलं. गोड्या पाण्यातल्या कोळंब्या कशा ओळखायच्या, यावर इंटरनेटवर जे मिळेल ते ऑफिसच्या प्रिंटरवर छापून आणायचं आणि अडलेल्या इंग्रजी शब्दांचा अर्थ लावून द्यायचा. मी विम्याच्या ऑफिसात दावे तपासते. माझ्या साहेबांनी एकदा कोळंबीच्या पोटाखालच्या पायांचं मोठं चित्र प्रिंटरमधून उचललं आणि दोन बोटांत धरून माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

महिन्याभराने बरणीच्या तळाशी कोळंबीचं रिकामं शरीर पडलेलं दिसलं. आईंचा चेहराच उतरला. मग पानामागून कोळंबी स्वतःच बाहेर आली, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. तिने कात टाकली होती. मिशा, डोळ्यांची टोपणं, एकेक पाय, सगळ्याचं काचेसारखं कवच जसंच्या तसं. आईंनी ते ड्रॉपरने उचलून काचपट्टीवर ठेवलं, आणि त्या दुपारी कितीतरी महिन्यांनी टेबलावरचा टॉवेल बाजूला झाला. जिवंत प्राण्याला धक्काही न लावता त्याचं सगळं अंग बघायला मिळत होतं. नाकावर करवतीसारखा काटा, त्याला वर किती दात, खाली किती, तो कुठवर पोचतो. हातांच्या टोकाला केसांचे ब्रश. आणि पोटाखालच्या पहिल्या पायावर बारीक नाशपतीच्या आकाराची एक पाकळी, म्हणजे हा नर. 'ती'चा 'तो' झाला. तशी पाकळी निओकॅरिडिना नावाच्या कुळातच असते, असं माझ्या छापील कागदांत होतं. आईंनी वहीत तारीख घालून ते नाव लिहिलं आणि खाली रेघ मारली.

टाकीवाल्यांकडे तेव्हा लाल, निळ्या आणि पिवळ्या अशा तीन टाक्यांत तीन प्रकारच्या कोळंब्या होत्या. ते त्या तीन जाती म्हणून विकायचे. आईंनी तिन्ही टाक्यांतल्या काती मागून घेतल्या, आठ दिवस बघितल्या आणि सांगितलं की या तिन्ही एकच जात आहेत, फक्त रंग वेगळे. टाकीवाले हसले. आई म्हणाल्या, एका टाकीत घाला तिघींना आणि बघा. त्यांनी हौसेखातर घातल्या. तीन महिन्यांनी पिल्लं झाली, ती बहुतेक सगळी मातकट, चिखलाच्या, म्हणजे जातीच्या मूळ रंगाची. टाकीवाल्यांनी एक दिवस नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी गल्ल्याशेजारी एक उंच स्टूल आणून ठेवलं आणि आईंना म्हणाले, मावशी, मंगळवारी आणि शुक्रवारी इथे बसत जा.

ती सुरुवात. टाकीवाले त्याला ओपीडी म्हणायचे. लोक बाटल्या, डबे, पिशव्या घेऊन यायचे आणि विचारायचे, ही कोण, हिला काय घालू, हिच्या अंगावर पांढरं काय आलंय. आई भिंग लावून बघायच्या आणि कळलं तर सांगायच्या. नाही कळलं तर कात घेऊन या म्हणायच्या. रागावून गेलेली माणसंसुद्धा पंधरा दिवसांनी औषधाच्या कुपीत कात घेऊन हजर व्हायची. घरात आई पुन्हा बोलायला लागल्या. इतक्या, की माझा नवरा कधीकधी जेवताना कानात बोटं घालायचं नाटक करायचा.

आणि मग ती चूक झाली.

शुक्रवार होता. एका स्थानिक साप्ताहिकाचा माणूस आईंचा फोटो काढायला आला होता. आईंनी ठेवणीतला चष्मा लावला होता, ज्याची फ्रेम नवी पण नंबर जुना. फोटोवाला सांगत होता, भिंग असं वर धरा, इकडे बघा. त्याच वेळी दुकानात नव्या कोळंब्यांच्या पिशव्या आल्या. बोटाच्या एका पेराएवढ्या, पाण्यासारख्या पारदर्शक. टाकीवाल्यांनी एक पिशवी उचलून धरली आणि विचारलं, मावशी, ही काचकोळंबीच ना? आईंनी पिशवीतून एक नजर टाकली.

"हो, काचकोळंबी. गरीब जात आहे. कुणाला त्रास देणार नाही."

टाकीवर तशी चिठ्ठी लागली. खाली टाकीवाल्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मावशींनी तपासलेली'. चाळीस कोळंब्या होत्या, दहा दिवसांत छत्तीस गेल्या. चार आईंनी घरी आणल्या.

दीड महिन्याने मी ऑफिसातून आले तेव्हा घरात सामसूम होती. चहाचा कप टेबलावर साय धरून पडला होता. आईंनी मला हाताला धरून सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. नव्या चौघींतल्या एकीची पहिल्यांदाच अखंड कात सापडली होती.

"गालावर काटा दिसतो?" त्यांनी विचारलं.

मला आधी नुसता धूसर उजेड दिसला. त्यांनी चाक फिरवून दिलं. मग डोक्याच्या कवचाची बाजू दिसली, आणि तिच्यावर पुढे झुकलेला एक इवलासा काटा.

"दिसतो."

"गालाच्या अगदी कडेवर आहे, का कडेपासून आत?"

"आत आहे. बराच आत."

त्या पलंगावर बसल्या. खऱ्या काचकोळंबीचा तो काटा गालाच्या पुढच्या कडेला असतो, त्यांनी सांगितलं. तो आत सरकलेला असला तर ती मॅक्रोब्रॅकियम, म्हणजे लांब हातांची. लहानपणी दोघी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. मोठी झाली की हिचे पुढचे दोन हात अंगापेक्षा लांब होतात, त्यांना चिमटे येतात, आणि ही झोपलेला मासा धरून खाते.

"बरणीत घेऊन बघितलं असतं तर कळलं असतं मला," त्या म्हणाल्या. "मी बघितलंच नाही. मी फोटो काढून घेत होते."

आम्ही दोघी खाली गेलो. टाकीवाल्यांनी ऐकून घेतलं आणि दुकानात दुसरं कुणी नाही ना, हे बघून आवाज उतरवला. त्यांचं म्हणणं, अजून त्या लहान आहेत, छोटे मासे काय तसेही मरतात, कुणाच्या लक्षात येणार आहे? गवगवा केला तर मावशींचंच नाव जाईल. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. त्याच आठवड्यात साप्ताहिकात आईंचा फोटो छापून आला होता. मी जिन्यात म्हटलं, आई, एवढं काही बिघडलेलं नाही. कुणाचा जीव गेलेला नाही.

आई जिना चढत राहिल्या. वर येऊन हातपाय धुतले आणि मग एक गोष्ट सांगितली, जी माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हती. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका बाईचा रिपोर्ट त्यांनी सर्व ठीक असा लिहून दिला होता. घरी जाताना बसमध्ये त्यांच्या लक्षात आलं, की आपण आधीच्या पेशंटची काचपट्टी दुसऱ्यांदा बघितली, हिची बघितलीच नाही. त्या पुढच्या थांब्यावर उतरल्या, मागे गेल्या, काचपट्टी शोधून बघितली, रजिस्टरमधला पत्ता घेतला आणि तिच्या घरी गेल्या. तिला औषधाची गरज होती, आणि ते वेळेत सुरू झालं.

"मला वाटलं होतं ती ओरडेल," आई म्हणाल्या. "तिने मला पाणी दिलं. म्हणाली, बसा, केवढ्या लांबून आलात." मग त्या म्हणाल्या, "कोळंबी काय आणि रक्त काय, लोक माझ्या शब्दावर घेऊन गेलेत. चुकीचा रिपोर्ट बाहेर फिरतोय, तो परत घ्यायला नको?"

मग मी कॉम्प्युटर उघडला. त्या सांगत गेल्या, मी टाइप करत गेले. अमुक तारखेला अमुक टाकीतल्या कोळंब्यांची ओळख चुकीची दिली, त्या लांब हातांच्या आहेत, त्यांना छोट्या माशांबरोबर ठेवू नये, परत आणून द्याव्यात. मी शेवटी लिहिलं, 'नजरचुकीने झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व'. त्यांनी ते वाचलं आणि बोटाने खोडायला लावलं.

"नजरेची चूक नव्हती ती. घाईची होती. 'माझी चूक' लिही."

टाकीवाल्यांनी तोंड वाकडं केलं, पण वहीतून कोणकोण कोळंब्या घेऊन गेलं त्यांची नावं काढून दिली. अकरा घरं होती. एक शनिवार आणि एक रविवार आम्ही दोघी हातात जाळी आणि झाकणाचे डबे घेऊन फिरलो.

सगळ्यात आधी आई दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या, कारण त्यांनी सहा घेतल्या होत्या. त्यांच्या दवाखान्यात, बाहेर बसायच्या खोलीत मोठी टाकी आहे. सुजलेले गाल धरून बसलेली माणसं त्या टाकीकडे बघत आपल्या नंबराची वाट बघतात. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, मास्क हनुवटीवर ओढला आणि कागद उभ्याउभ्या वाचला. टाकीतले अकरा छोटे मासे गेल्या महिन्यात एकेक करून नाहीसे झाले होते. दोष आला होता काउंटरवरच्या मुलीवर. ती जास्त खायला घालते, म्हणून पाणी बिघडतं, म्हणून मासे मरतात, असं ठरलं होतं आणि तिच्याकडून टाकीचं काम काढून घेतलं होतं. ती मुलगी काउंटरमागे उभी राहून सगळं ऐकत होती. तिने दोनदा सांगून बघितलं होतं की मेलेला मासा एकही सापडलेला नाही, मग ते मेले कशावरून?

आई तिच्याकडे वळल्या. "तुमचं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही नीट बघितलंत. मी नाही बघितलं."

मुलगी काउंटरमागून बाहेर आली. बाही वर सारली, आमच्या हातातली जाळी घेतली आणि दगडामागच्या पाचही कोळंब्या तिने एकेक करून काढून दिल्या. सहावी कुठे गेली विचारल्यावर ती म्हणाली, तिला या पाचांनीच खाल्लं. त्यांचे हात आता खरंच लांब झाले होते, निळसर, मधे कोपरासारखे वाकलेले. डॉक्टरीणबाई तिला सगळ्यांसमोर सॉरी म्हणाल्या. खोलीतले गाल धरलेले लोकही ते ऐकून जरा सरसावून बसले.

बाकीच्या घरांत निरनिराळं ऐकून घ्यावं लागलं. एका बाईंनी दार अर्धंच उघडून मासे भरून द्या म्हणून सुनावलं, ते टाकीवाल्यांनी पुढे दिलेही. दोन घरी कोळंब्या मरून गेल्या होत्या. एका घरी आम्हाला आत बसवून सरबत दिलं आणि लग्नाचे फोटो दाखवले. कोळंबीचा विषय निघायला पाऊण तास लागला. शेवटचं घर लिफ्टवाल्या आजोबांचं. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेले, आता गुडघे गेल्यामुळे पहिल्या मजल्यावरून खाली न उतरणारे. त्यांच्या टाकीत एकच मोठी कोळंबी उरली होती, आणि ती त्यांना परत द्यायची नव्हती.

"मासे हिनेच खाल्ले, मला माहीत आहे," ते शांतपणे म्हणाले. "माझ्यासमोर खाल्ले. पण मी बोट लावलं की ती काचेपाशी येते. मासे कधी आले नाहीत."

त्यांनी बोट लावून दाखवलं. ती आली, दोन्ही हात पुढे करून. आईंनी खुर्ची ओढली आणि तिला काय घालायचं, टाकीवर झाकण का हवं, कात टाकल्यावर ती दोन दिवस लपून का बसते, हे सगळं त्यांना समजावलं. आम्ही तिथून रिकाम्या हाताने निघालो, पण आईंचा चेहरा त्या दोन दिवसांत पहिल्यांदा सैल पडला होता.

घरच्या चार धरून एकोणीस कोळंब्या जमल्या. त्या एकत्र ठेवता येत नव्हत्या, कारण एकमेकींना फाडायच्या. आठवडाभर आमच्या घरात जिथे बघावं तिथे बरण्या. ओट्यावर, फ्रीजवर, इस्त्रीच्या टेबलावर. मीही बोलले, खोटं कशाला सांगू. चमचा शोधताना पाण्यात हात जायचा. शेवटी टाकीवाल्यांनी मधे जाळ्या घालून एक लांब टाकी तयार केली आणि एक सोडून सगळ्या खाली गेल्या. दुकानात त्यांनी नवा नियम केला. आलेला माल आईंनी कातीसकट बघेपर्यंत विकायचा नाही. दरम्यान टाकीवर चिठ्ठी, 'ओळख पटलेली नाही'. त्यांना वाटलं गिऱ्हाईक पळेल. झालं उलटंच. लोक दुसरं काही बघेचनात, हीच द्या म्हणायला लागले. टाकीवाले कपाळाला हात लावून बसले.

त्या एकोणीसांतली एक आईंनी घरी ठेवून घेतली, खिडकीशेजारच्या छोट्या टाकीत. कुळ कळलं होतं, जात कळत नव्हती. लांब हातांच्या कोळंब्यांच्या दोनशेच्या वर जाती आहेत म्हणे. आईंनी चार महिने तिच्या काती जमवल्या, स्पिरिटच्या कुप्यांत भरल्या आणि एका विद्यापीठात त्यावर काम करणाऱ्या बाईंना पोस्टाने पाठवल्या. सोबत नऊ पानांचं टिपण, दातांच्या मोजणीसकट. उत्तर यायला तीन महिने लागले. टिपणाचं मनापासून कौतुक होतं. पण नुसत्या कातीवरून जात ठामपणे सांगता येत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. आख्खा प्राणी हवा, स्पिरिटमध्ये.

मला वाटलं, आता काय होणार. आईंनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि वहीत ठेवलं. त्याच संध्याकाळी उत्तर लिहायला मला बसवलं. उत्तर दोन ओळींचं होतं. प्राण्याची तब्येत चांगली आहे. त्याचं आयुष्य संपल्यावर पाठवेन, तोवर क्षमा असावी.

त्या बाईंचंही तसंच दोन ओळींचं उत्तर आलं, की सावकाश पाठवा, मला घाई नाही. आता त्या दोघी अधूनमधून एकमेकींना लिहितात, आणि त्यात कोळंबीपेक्षा गुडघेदुखीच जास्त असते.

याला दुसरं वर्ष लागलंय. वहीत कुळाच्या नावापुढची जागा कोरी आहे. परवा सकाळी मी चहा ठेवत होते तेव्हा आई टाकीत उकडलेल्या वाटाण्याचा दाणा सोडत होत्या. कोळंबीने दोन्ही हातांनी तो धरला, उलटा फिरवला, साल काढून बाजूला टाकली आणि आतला गर खायला घेतला. आईंनी पेन्सिल उचलून वेळ लिहून ठेवली.